चोच पंखात खुपसलेलं बदक

सुमनवहिनी, अध्यक्षसाहेब, मंडळाचे सगळे सभासद, आणि वसंताच्या कॉलेजातून, त्याच्या पडेगावच्या गल्लीतून आलेली सगळी मंडळी.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाय म्हणलो होतो. मला भाषण जमत नाय. शहागंजात माझं बियाण्याचं दुकान हाय, गिऱ्हाइकाशी बोलतो तेवढंच माझं बोलणं. आणि वसंताबद्दल 'होता' म्हणायची जिभेला अजून सवय नाय झाली. पण इथं येऊन बसलो, माझ्या आधीची भाषणं ऐकली, आणि मीच अध्यक्षसाहेबांना म्हणलं, द्या तो माइक इकडं. रडू घरी येऊन गेलंय. आता आलाय तो राग हाय. कमीजास्त बोललो तर वहिनी, तुम्ही माफ करा. बाकीच्यांनी नाय केलं तरी चालंल.

मी भगवान. वसंता आणि मी शाळेपासूनचे सोबती. तो शिकला, कॉलेजात गणित शिकवायला लागला, तुमच्या सगळ्यांचा 'सर' झाला. मी बापाच्या दुकानात बसलो. पण थंडी पडली की रविवारी सकाळी आम्ही दोघं त्याच्या स्कूटरवर पैठणच्या रस्त्याला, नाथसागराच्या पाण्यावर. तो बदकं बघायचा, मी डबा सांभाळायचो. हळूहळू मला पण बदकं दिसायला लागली. हे पक्षी मंडळ त्यानं काढलं ते माझ्या दुकानाच्या माळ्यावर, पोत्यांवर बसून. अध्यक्षसाहेब तेव्हा नव्हते. ते पुढं आले, मंडळाला नाव झाल्यावर.

आता माझ्या मागं हा फलक बघा. वसंताचा फोटो, फोटोला हार. शेजारी एक बदक. आणि खाली मोठ्या अक्षरात, 'नाथसागरावर स्कॉप बदकाचा शोध लावणारे आमचे लाडके सर'. आतापर्यंत जो बोलायला उठला तो हेच बोलला. स्कॉपवाले सर. स्कॉपमुळं अमर झालेले सर. अध्यक्षसाहेबांनी तर आत्ताच जाहीर केलं की पाण्याकाठी पक्षी बघणाऱ्यांसाठी शेड होणार, शेडला वसंताचं नाव, आणि आत भिंतभर ह्या स्कॉपचं चित्र. शोकसभा हाय म्हणून टाळ्या वाचल्या.

मंडळी, ते बदक स्कॉप नव्हतं.

हे मी नवीन सांगत नाय. मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक हाय. वसंता स्वतः ओरडून ओरडून सांगत होता. त्याच्या शेवटच्या सगळ्या थंड्या ह्याच एका गोष्टीत गेल्या, की बाबांनो, माझी चूक झाली, तेवढी दुरुस्त करा. आणि तो गेल्यावर तुम्ही त्याची तीच चूक उचलून त्याच्या हाराशेजारी लावली! वर म्हणता श्रद्धांजली.

गल्लीतल्या लोकांना ह्यातलं ठाऊक नसंल. त्यांना सांगतो. थंडीत आपल्याकडं उत्तरेतून बदकं येतात. त्यात एक शेंडी बदक. नर काळा-पांढरा, डोक्यामागं शेंडी लोंबती. दुसरी लालसरी. नराचं डोकं विटकरी, पाठ राखाडी. ही दोन्ही आपल्याकडं ढिगानं. आणि तिसरं हे स्कॉप. डोकं काळं, पाठ राखाडी, शेंडी नाय. ते लांब तिकडच्या थंड समुद्राकाठचं, इकडं वाट चुकून आलं तर आलं. आता मला सांगा, शेंडी बदक आणि लालसरी ह्यांची जोडी जमली तर पिल्लू कसं होईल? डोकं एकाचं काळं, पाठ दुसऱ्याची राखाडी. लांबून बघाल तर स्कॉपच. भले भले फसतात. वसंता फसला.

तो फसला त्या दिवशी मी नव्हतो, दुकानात हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी होती. वसंता होता, अध्यक्षसाहेब होते, सचिव सोनवणे होते. बदक लांब होतं आणि पाण्यावर धुरकट होतं. वसंता म्हणाला, स्कॉप वाटतंय. बाकीचे दोघं म्हणाले, सर म्हणतात म्हणजे स्कॉपच. आता आपल्या मंडळाचा नियम काय? दुर्मिळ पक्ष्याची नोंद एकट्याच्या सांगण्यावर करायची नाय. तिघांनी पक्षी बघायचा, तिघांनी होकार द्यायचा. नोंद खोडायची झाली तरी तिघं लागतात. आणि घरच्या माणसाचं मत धरायचं नाय, कारण एकदा एका सभासदानं बायको आणि मेव्हणा उभा करून घुबडाचा गरुड केला होता. हसा, हसा. वसंता पण लई हसला होता तेव्हा. पण नियम त्यानंच केला, भांडणं नकोत म्हणून. तर त्या नियमानं तिघं झाले आणि नोंद झाली.

मग काय विचारता! पेपरात फोटो. पुण्या-मुंबईहून माणसं आली, खांद्यावर तोफेएवढ्या लेन्सा. पाण्याकाठी पाटी लागली. महोत्सव सुरू झाला. टोपीवर बदक, बनियनवर बदक, चहाच्या कपावर बदक. अध्यक्षसाहेबांचा साहेबलोकांसोबत फोटो, हातात दुर्बीण, ती पण उलटी धरलेली. तेव्हा मला मजा वाटायची. म्हणायचो, वसंता, तुझ्या एका बदकानं सगळ्यांची पोटं भरली.

त्या पावसाळ्यात वसंताच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. किती दिवसांचा पिकत होता कुणास ठाऊक, त्यानं कधी सांगितलं नाय. पट्टी सुटून घरी आला आणि वहिनींना म्हणला, ही साडी नवीन घेतलीस का? वहिनी म्हणल्या, अहो, लग्नातली हाय, तुम्हीच तर हिला चॉकलेटी म्हणता. तर ती साडी निघाली जांभळी! इतकं खरं-खोटं झालं होतं त्याच्या डोळ्यात.

पुढच्या थंडीत ते बदक परत आलं. आम्ही मासे धरणाऱ्याच्या होडीत बसून हळूहळू जवळ गेलो. ऊन छान होतं. वसंतानं दुर्बीण लावली, काढली, पुसली, परत लावली. मला वाटलं, डोळा दुखतोय. मग त्याचं पोट हलायला लागलं. हसत होता!

"भगवान, फसलो रे मी. चोचीचं टोक बघ."

मी बघितलं. स्कॉपच्या चोचीच्या टोकावर काळा रंग नखाएवढा असतो. हिचं टोक सगळंच काळं, शाईत बुडवल्यासारखं. मग म्हणाला, डोक्यामागं बघ. तिथं उंचवटा, शेंडी यायची राहून गेलेली. मग बदकानं मान फिरवली, ऊन पडलं, आणि काळ्या डोक्यातून तांबूस झाक निघाली. ती लालसरीची.

"हे आपल्याच शेंडी बदकाचं आणि लालसरीचं लेकरू आहे," वसंता म्हणाला.

मी म्हणलं, "अरे येड्या, हसतोस काय? जगभर फजिती होईल तुझी."

तर म्हणतो कसा, "फजिती कसली? स्कॉप काय, पुस्तकात सापडतं. हे असं कुठं सापडणार?"

मंडळी, मी त्याला तेवढा खूश त्याच्या पोरीच्या लग्नात पण बघितला नव्हता. माणूस स्वतःची चूक सापडली म्हणून होडीत बसून हसतोय. असा माणूस तुमच्या मंडळात होता. तुम्हाला तो पेलला नाय.

तो नाचतच बैठकीला आला. मी सोबत होतो. त्यानं सगळं सांगितलं, फोटो दाखवले. अध्यक्षसाहेब काय म्हणले? आठवतं का साहेब? मला आठवतं.

"सर, आता पाटी लागलीय. लोक काय म्हणतील?"

वसंता म्हणाला, "म्हणतील, चुकलं होतं, दुरुस्त केलं."

"आणि महोत्सवाला कोण येईल? भेसळीचं बदक बघायला?"

तेव्हा मी बोललो होतो, आज परत बोलतो. मी जन्मभर संकरित बियाणं विकलंय. इथं बसलेल्या निम्म्या लोकांच्या शेतातली कपाशी माझ्या दुकानातली, संकरित. तिच्यावर पोरं शिकली, घरं बांधली. तेव्हा कोणी नाक मुरडलं नाय. भेसळ केली तर माझं लायसन जातं साहेब. संकर पोत्यावर छापून विकता येतो. बदकाला तेवढी पण इज्जत नाय का?

मग एकानं हळूच पिल्लू सोडलं, सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांना आता रंग वेगळे दिसतात. व्हय, वेगळे दिसत होते. खरे दिसत होते! मोतीबिंदूतून बघितलेलं तुम्ही धरलं, आणि स्वच्छ डोळ्यांनी बघितलेलं सोडून दिलं. कारण मोतीबिंदूतून दिसलेल्या बदकाचे कप छापून झाले होते.

वसंतानं मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकले. चोचीचे, डोक्याचे, पाठीचे. त्याच दिवशी ग्रुपवर फक्त ॲडमिननं लिहायचं अशी सोय झाली. सोनवणे, मान खाली घालू नका, तुम्हाला वरून हुकूम आला होता हे मला ठाऊक हाय. पण बोट तुमचंच होतं. ज्यानं मंडळ काढलं त्याला मंडळात नुसतं वाचायची मुभा राहिली. रोज सकाळी अध्यक्षसाहेबांचा सुविचार यायचा, तो वाचायचा.

मी म्हणलं, वसंता, चल, पेपरात जाऊ. तो म्हणला, मंडळाची अब्रू मंडळातच राहू दे. मी म्हणलं, मग तू संस्थापक आहेस, खोड ती नोंद. तर म्हणतो, नियम मी केला म्हणून मीच मोडू? त्याचा आणि माझा, दोन होकार झाले होते. तिसरा पाहिजे होता. बस्स, एक माणूस. तर हा बाबा, ह्या वयात, स्कूटर काढून तुमच्या घरोघर फिरला. आणि तुम्ही काय केलं? चहा पाजला. एकानं उपमा पण दिला. 'सर, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, पण माझं नाव नको.' हेच वाक्य, घर बदललं तरी हेच. कोणाला महोत्सवात स्टॉल पाहिजे होता, कोणाला कार्यकारिणीत जागा. एकानं जरी तोंडावर म्हणलं असतं की सर, तुमचं चुकतंय, ते स्कॉपच हाय, तर वसंतानं त्याच्याशी दिवसभर वाद घातला असता आणि आनंदानं घरी आला असता. पण चुकतंय असं कोणीच म्हणलं नाय. बरोबर म्हणायचे आणि दार लावायचे. ह्यानं माणूस खचतो, मंडळी. मी बघितलाय खचताना. स्कूटर लावायचा आणि पायरीवर बसून राहायचा. वहिनी पाणी द्यायच्या, तर हातात पेला तसाच.

मी एकदा चिडून म्हणलं होतं त्याला, सोड ना आता, एक बदक तर हाय. तेव्हा तो माझ्यावर कधी नव्हे तो ओरडला. म्हणाला, "पुढचा माणूस आपल्या नोंदीवर भरवसा ठेवून पाण्याकडं बघणार, भगवान. त्याला आपण खोटं दाखवून ठेवलंय." ज्यांनी त्याच्याकडं गणित शिकलंय त्यांना आठवत असंल, फळ्यावर चूक झाली तर तो डस्टर शोधत बसायचा नाय. तळहातानं पुसायचा. दिवसभर हात पांढरा घेऊन फिरायचा आणि त्याची त्याला लाज नव्हती.

मग दवाखाना झाला. तुमच्यातलं कोण कोण आलं, ते वहिनींना विचारा. नाय, नका विचारू, त्या सांगणार नायत. मंडळानं मात्र गुच्छ पाठवला. गुच्छावर स्टिकर चिकटवलेलं, त्यावर स्कॉप! मरायला टेकलेल्या माणसाला! वसंतानं पडल्या पडल्या ते स्टिकर नखानं खरवडून काढलं आणि फुलं तेवढी पाण्यात ठेवायला सांगितली. मला म्हणाला, "फुलांचा काय दोष?" आणि मग विचारलं, "तिसरा मिळाला का रे कोणी?"

मी खोटं बोलू शकलो असतो. नाय बोललो. त्याला खोटं चालत नव्हतं. नाय मिळाला म्हणून सांगितलं. त्यानं डोळे मिटले.

आणि आता हा फलक. मंडळी, मघापासून सगळे ह्या फलकाला हात जोडतायत, पण त्यावरचं बदक कोणी नीट बघितलंय का? आता बघा. चोच दिसती का कोणाला? नाय दिसत. बदकानं मान मागं वळवलीय आणि चोच पंखात खुपसलीय. झोपलेलं बदक. अरे, वसंतानं ह्या बदकाचे एवढे फोटो काढले, एकाहून एक देखणे, ग्रुपवर पण टाकले. त्यातला एक नाय घेतला. शोधून शोधून हा घेतला. ज्याला बदकातलं काय कळत नाय तो माणूस चोच दिसणारा, डोळा चमकणारा फोटो निवडंल. हा निवडणाऱ्याला कळतंय. लई चांगलं कळतंय. काय झाकायचं हे ज्याला कळतं, त्यानं ते बघितलेलं असतं. म्हणजे वसंताचं बरोबर होतं हे तुमच्या ह्या फलकानंच कबूल केलंय. त्याच्या हाराशेजारी, त्याच्या बायकोसमोर.

साहेब, मला बोलू द्या. वेळ झाली हे मला पण कळतं. माझं आता थोडंच राहिलंय.

ती शेड तुम्ही बांधा. चांगली बांधा, सावली होईल लोकांना. पण तिच्यावर वसंताचं नाव आणि आत हे खोटं, असं झालं तर उद्या कोणीतरी जाणकार माणूस येईल, चित्र बघंल, पाण्याकडं बघंल, आणि म्हणंल, हा कोण गाढव होता ज्याला एवढं पण ओळखता आलं नाय? तुम्ही त्याचं नाव मोठं करत नाय. तुमची चूक त्याच्या नावावर चढवताय. तो जिवंत असताना नाय म्हणत होता. आता तो नाय म्हणू शकत नाय, म्हणून तुमचं फावलंय.

हा माणूस चिरडीला येऊन बोलतोय असं वाटत असंल तुम्हाला. व्हय, चिरडीला आलोय. माझा सोबती गेलाय.

आता रिवाजाप्रमाणं श्रद्धांजलीसाठी उभं राहायचं असतं. ते मीच सांगतो, तेवढं तरी माझ्याकडं द्या. पण एक अट हाय. इथं बसलेल्या प्रत्येक सभासदानं ते बदक डोळ्यानं बघितलंय. महोत्सवात बघितलंय, फोनमध्ये बघितलंय. वसंताचा होकार तो देऊन गेलाय. माझा होकार मी देऊन बसलोय. तर ज्यांना मनापासून वाटतं की ते बदक संकरित होतं आणि ती नोंद खोडावी, त्यांनीच उभं राहावं. ज्यांना ते स्कॉप वाटतं, त्यांनी खुशाल बसून राहावं. बसून पण श्रद्धांजली वाहता येती. कोणी नावं ठेवणार नाय.

नाय, वहिनी, तुम्ही बसा. घरच्या माणसाचं मत धरत नाय. नियम तुमच्या नवऱ्याचाच हाय.

चला मंडळी. वसंतासाठी.

...

सोनवणे उठले. बरं झालं, सोनवणे.

मागचे पण उठले. ती खिडकीजवळची ओळ उठली. आता इकडं तिकडं बघू नका, स्वतःचं स्वतः ठरवा. उपमा दिला होता ते पण उठले.

अध्यक्षसाहेब? एकटेच राहिलात. बसायचं असंल तर बसा, मी म्हणलंच हाय. वहिनी समोर बसल्यात, त्यांच्याकडं बघून बसा.

उठलात. मेहेरबानी.

मला ठाऊक होतं. शोकसभेत मयताच्या बायकोसमोर बसून राहायची हिंमत तुमच्यात कोणात नाय. तो जिवंत असताना त्याच्या बाजूनं उभं राहायची नव्हती, आणि आता बसून राहायची पण नाय. पण उभे आहात. सगळ्यांनी बघितलंय. तिसरा मागितला होता, सगळं मंडळ उभं हाय.

वसंता, नोंद खोडली रे. लाजेकाजेस्तव खोडली, पण खोडली.

आता कोणी बोलू नका. मी पण बोलत नाय.